तोफ भरण्याची रूपं

पेठेत मला कुणी शहाणी म्हटलं की माझी मान खाली जाते. लोकांना वाटतं, म्हातारीचा विनय आहे. विनय कसला, लाज आहे. कुणी न शिकवता मी मोडी वाचायला लागले, बाळबोध लिहायला लागले, हे खरं. पण आणखी एक विद्या मी शिकले होते, ती घरातल्या दोन माणसांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. त्यातलं एक माणूस मी. दुसरे हे. हे जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांना कुणी जाब विचारील ही भीती उरली नाही, आणि मला विचारील त्याला विचारू दे. म्हणून बोरू हातात घेतलाय.

हे तोफखान्याच्या कारखान्यात कारकून होते. दारू किती आली, गोळे किती ओतले, बैल किती लागले, हे लिहायचं काम. त्या कारखान्यात श्रीमंतांनी एक टोपीवाला गोलंदाज ठेवला होता. आमचे लोक सगळ्या टोपीवाल्यांना फिरंगीच म्हणत, पण हा गोव्याच्या फिरंग्यांतला नव्हता. त्यांच्या शेजारचा मुलुख आहे म्हणे, इस्पान, तिथला. त्याची भाषा गोव्याच्या भाषेची चुलत बहीण. सुरुवातीला गोव्याकडचा एक दुभाषी मध्ये बसायचा. तो गावी गेला तो परत आला नाही. मग तोफेशी उभा राहून गोलंदाज काहीतरी ओरडायचा आणि आमची माणसं भलतंच करायची. कारखान्याच्या कारभाऱ्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही याची भाषा शिका. अक्षर चांगलं म्हणून भाषा येईल, असा तो हिशेब.

हे रोज दुपारी गोलंदाजाजवळ बसायचे आणि तो म्हणेल ते मोडीत उतरवायचे. संध्याकाळी कागद घेऊन घरी यायचे आणि कपाळाला हात लावायचे. तोफ भरणे याला त्या भाषेत ‘कार्गार’ म्हणतात, एवढं त्यांना कळलं होतं. पण एका दिवशी कागदावर कार्गो असायचं, दुसऱ्या दिवशी कार्गास, तिसऱ्या दिवशी कार्गाबा, कार्गारे, कार्गे. ‘अगं, हा माणूस रोज शब्द बदलतो,’ हे म्हणायचे. ‘काल एक सांगितलं, आज दुसरंच.’

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवून मी ते कागद ओढले. मला पहिल्या नजरेतच दिसलं, शब्द बदलत नव्हता. खोड तेच होतं, शेपट्या वेगळ्या होत्या.

हे मला कुठून कळलं, तर माहेरी. माझे वडील पाठशाळेत शिकवायचे. माझे भाऊ ओसरीवर हात हलवत रूपावली घोकायचे, गच्छति गच्छतः गच्छन्ति, आणि मी आत जात्यावर बसून तीच रूपं दळणाच्या लयीत पाठ करायची. मला कुणी शिकवलं नाही, कुणी थांबवलंही नाही, कारण कुणाला ऐकूच येत नव्हतं. जातं मोठं होतं.

मग मी धूळपाटी घेतली आणि फिरंग्याची क्रियापदं आपल्या पद्धतीनं मांडली. आपल्या म्हणजे कशी, तर आधी ‘तो’, मग ‘तू’, शेवटी ‘मी’. तो भरतो, कार्गा. तू भरतोस, कार्गास. मी भरतो, कार्गो. शेजारी अनेकवचन: ते भरतात, कार्गान. तुम्ही, कार्गाइस. आम्ही, कार्गामोस. मध्ये द्विवचनाची जागा मोकळी सोडली. आज ना उद्या सापडेल म्हणून मी आठ दिवस वाट पाहिली. ह्यांनी गोलंदाजाला दोन बोटं दाखवून दाखवून विचारलं. नाहीच. त्या लोकांत दोघांसाठी वेगळं रूपच नाही. मला त्यांची कीव आली. एवढ्या लांब नवराबायकोनं येऊन राहायचं आणि दोघांना म्हणून शब्द नाही.

हो, त्याची बायको होती. तिच्याकडे येते.

वर्तमान बसवल्यावर मला नादच लागला. काल एकदा भरली त्याची शेपटी वेगळी, काल भरत होता ती वेगळी. उद्या भरील ती वेगळी. भरली असती तर, त्यालाही शेपटी. मी भरतो म्हणताना जोर पुढं, कार्‌गो. त्यानं भरली म्हणताना तोच शब्द, जोर मागं, कार्गोऽ. आणि सगळ्यांत गोड एक रूप होतं, त्याला मी मनातलं रूप म्हणायची. भरतो असं नव्हे, भरली असंही नव्हे. भरावी असं मनात आहे, किंवा भरेल की काय असं भय आहे, त्याचं रूप. कार्गे, कार्गेस, कार्गे, कार्गेमोस. जे घडलेलं नाही, नुसतं मनात आहे, त्यासाठीसुद्धा त्या लोकांनी पूर्ण रांग लावून ठेवली होती. ती रांग सापडली त्या दिवशी माझी भाजी करपली आणि सासूबाई म्हणाल्या, ‘नवऱ्याच्या कागदांना फोडणी दिलीस वाटतं.’

रूपं मी मांडली आणि हे पाठ करायला लागले. त्यांना शेपट्यांतलं मर्म काही दिसत नव्हतं, पण पाठांतर होतं. संध्येसारखं म्हणायचे.

आता ती बाई. गोलंदाज बायकोसह आणि एका लहान मुलीसह ओढ्यापलीकडे, कारखान्याच्या अंगणाला लागून राहायचा. त्या वर्षी तिथली विहीर आटली. मग ती आमच्या पेठेतल्या हौदावर पाण्याला यायची. कात्रजच्या नळाचं पाणी, सगळ्या पेठेचं. तिला हौदाला हात लावायची अर्थातच सोय नव्हती. ती आपली घागर पायरीपासून लांब ठेवून उभी राहायची आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं, शिवाशिव न होता. बहुतेक दिवशी ती दया मला यायची.

दया खोटी होती असं नाही. पण दयेच्या पोटात लोभ होता. मला माझी रूपं जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायची होती. एक दिवस घागरीत धार धरून मी हळूच तिला म्हटलं, कार्गो. मी भरते. ती आधी दचकली, मग इतकी हसली की घागर कलंडली. हातानं काठी ठासण्याची खूण करून तिनं तोंडानं धुडूम केलं. मला कळलं, मी तिला सांगितलं होतं की मी तुझी घागर तोफेसारखी ठासते आहे. पाणी भरायला त्यांच्यात शब्दच वेगळा. तिनं तो सांगितला, ल्येनो. मी मनातल्या मनात त्याला शेपट्या लावल्या आणि म्हणून दाखवलं: ल्येनास, ल्येना, ल्येनामोस. तिनं डोळे मोठे केले. तिनं मला हे कधी सांगितलं नव्हतं ना. पण एक खोड कळलं की शंभर कळतात, त्याच साच्यात बसतात.

तिथून पुढं रोज एक शब्द. चार शब्द सांगून झाले की आम्ही गप्प, कारण बायका यायच्या. एकदा एकीनं विचारलंच, ‘काय गं, फिरंगिणीकडून दीक्षा घेतेस की काय?’ मी म्हटलं, घागर नीट धर म्हणून सांगत होते. घरीही मी हे बोलले नाही. ह्यांना वाटायचं, मी फक्त त्यांचे कागद लावते. हौदावरचे शब्द मी माझ्याकडेच ठेवले. बाहेर कळलं असतं तर प्रायश्चित्त घ्यावं लागलं असतं, हे एक कारण. दुसरं सांगू का? ते शब्द एकटीचे आहेत, यात मजा होती.

हिवाळ्यात तिची मुलगी गेली. ओढ्यापलीकडे आमराईच्या कडेला त्यांनी तिला पुरलं. पंधरा दिवस ती हौदावर आली नाही. आली तेव्हा मी तिची घागर काठोकाठ भरली.

त्याच सुमारास कारभाऱ्यांनी ह्यांची परीक्षा घेतली. ती कशी घेतली, हे ऐका, कारण सगळं पुढचं त्यातून निघालं. कारभाऱ्यांना ती भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी पारखायला एका वृद्ध शास्त्रीबुवांना बोलावलं. त्यांना तर मुळीच येत नव्हती. शास्त्रीबुवा म्हणाले, क्रिया चालवून दाखवा. हे ताठ बसले आणि कार्गारची सगळी रूपं, सर्व काळ, सर्व अर्थ, एका श्वासात म्हणून गेले. तोफ भरतो, भरायचा, भरली, भरील, भरील का, भरावी. एकही अडखळ नाही. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि निवाडा दिला: ‘शुद्ध आहे. म्लेच्छांनाही नियम असतो, हे ऐकून बरं वाटलं.’ ह्यांना शालजोडी मिळाली आणि कारखान्याचे दुभाषी म्हणून शिक्का बसला. गोलंदाजाला कुणी काही विचारलं नाही. आपल्याकडे विद्या म्हणजे म्हणून दाखवणं, मग ती पोथी असो की तोफ.

शालजोडी घरी आली त्या दिवशी मी तिच्यावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, ही माझी आहे. मोठ्या जाऊबाई चार घरी सांगून आल्या. मी मान खाली घालून पुरण वाटत होते, आणि आतून फुगले होते.

उन्हाळ्यात गोलंदाज तापानं पडला आणि आठ दिवसांत गेला. मुलीच्या शेजारी त्यालाही ठेवलं. आता त्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न कचेरीत आला. कारभारी वाईट माणूस नव्हते. गोव्याकडे गाड्या निघणार होत्या, त्यांच्याबरोबर तिला आपल्या माणसांत पोचवावं, असं त्यांच्या मनात आलं. पण तिला विचारून करावं म्हणून त्यांनी तिला बोलावलं आणि मध्ये ह्यांना बसवलं.

दुपारी हे घरी आले, पाय धुतले, आणि पाटावर न बसता तसेच उभे राहिले. मी विचारलं, काय झालं.

‘बोलली ती पुष्कळ,’ हे म्हणाले. ‘रडत होती, भरभर बोलत होती.’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘सांगितलं, सरकारची मर्जी तशी ती वागेल म्हणते.’

‘असं म्हणाली ती?’

ह्यांनी तांब्या खाली ठेवला. ‘अगं, त्यात तोफही नव्हती आणि गोळाही नव्हता. मला काय कळणार?’

गाड्या तिसऱ्या दिवशी निघणार, असं ठरलं होतं.

दुसऱ्या सकाळी ती हौदावर आली. घागर आणली होती, पण पाण्याला आली नव्हती. ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. आणि मला सगळं कळत होतं. एक एक शब्द. तिचं गोव्यात कुणी नाही. इस्पानला तर त्याहून नाही. तिची दोन माणसं इथल्या मातीत आहेत. तिला इथंच राहायचं आहे. कारखान्यात तोफेच्या दारूच्या थैल्या शिवतात, तशा ती शिवील, दोन वेळचं धान्य मिळालं की झालं. तुझ्या नवऱ्याला सांग, कारभाऱ्यांनी मला राहू द्यावं असं सांग. राहणे हा शब्द तिनं हौदावर मला केव्हाच शिकवला होता. मे केदो, मी राहते. आता ती म्हणत होती, के मे केदे. मी राहावं. मनातलं रूप.

इथं मला थांबावं लागतं. ती हात जोडून उभी असताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? दुःख नाही. आनंद. रूप ओळखलं याचा आनंद. धुळीवर लिहिलेली रांग जिवंत होऊन समोर उभी राहिली आणि ती मला ओळखू आली. तिचं सगळं आयुष्य त्या एका शब्दात लोंबकळत होतं आणि मी मनात त्याची जागा बघत होते, ‘मी’ची ओळ, उत्तम पुरुष, एकवचन. माणसाला आपल्या मनाची एवढी घाण एकदम दिसते तेव्हा ते कुठं तोंड लपवणार?

मग मी आजूबाजूला पाहिलं. पायरीवर पाच-सहा बायका होत्या, घागरी कमरेवर, कान आमच्याकडे. एक म्हणाली, ‘काय म्हणतेय गं ती?’

मी तिच्या घागरीत पाणी ओतलं आणि मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘मला काय कळतंय बाई तिचं.’

त्या बाईला ते मराठी समजलं की नाही, मला ठाऊक नाही. माझं तोंड समजलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, ओठ मिटले, घागर उचलली. पाणी सांडत गेली.

घरी येऊन मला राहवेना. हे जेवत होते. मी सगळं सांगितलं, हौदावरचे शब्दही सांगितले, पहिल्या दिवसापासून. ह्यांनी घास हातातच धरला. मला वाटलं आता रागावतील. रागावले नाहीत. घास पानात ठेवला आणि म्हणाले, ‘आत्ता उठून जातो. कारभाऱ्यांना सांगतो, मला कळलं नव्हतं. पण मग ते विचारतील, आता कसं कळलं? काय सांगू? तू म्हणशील तसं.’

माझ्यावर टाकलं त्यांनी. तो मोठेपणा होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. मला दिसलं ते इतकंच: चार बायका अंगणात, ब्रह्मवृंदाचा निरोप, पंचगव्य, माहेरी वडिलांच्या कानावर जाणं. आणि ह्यांचं दुभाषीपण जाणं, म्हणजे माझं जाणं. मी ताटात भात वाढला आणि म्हटलं, ‘राहू द्या. गोव्यात तिच्या धर्माची माणसं आहेत. बरंच होईल तिचं.’

‘बघ हं,’ हे म्हणाले.

‘बघितलं,’ मी म्हटलं.

गाड्या निघाल्या. मी बघायला गेले नाही. जाऊबाई गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, फिरंगीण गप्प बसली होती, रडली बिडली नाही, बरी सोय झाली तिची.

नंतरचं सांगायला त्याहून जड जातं. महिनाभरानं हे एक दिवस दुपारी शालजोडी काखेत घालून कचेरीत गेले आणि मोकळे परत आले. कारभाऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं, त्या दिवशी त्या बाईचं बोलणं मला समजलं नव्हतं, मी अंदाजानं बोललो, ही शाल माझ्याकडे नको. माझं नाव काढलं नाही. कारभारी म्हणाले म्हणे, ‘मग तेव्हा गप्प का होता? आता गाड्या घाट उतरून समुद्राला लागल्या. शाल ठेवा तिकडे.’ ह्यांना तोफखान्यातून काढून वैरणीच्या कामावर घातलं. गवताच्या पेंढ्या मोजायच्या.

आणि मी काय केलं? मी ह्यांच्यावर रुसले. पाया पडावं असं काम माझ्या नवऱ्यानं केलं होतं, आणि मी दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. पेठेत लोक विचारायचे, काय हो, दुभाषी आता बैलांशी बोलतात का? ते शब्द मला टोचायचे. ती बाई टोचत नव्हती. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण असंच होतं. ह्यांच्या अंगावर गवताचा वास यायला लागला होता आणि चेहरा पूर्वीपेक्षा मोकळा झाला होता, त्याचाही मला राग यायचा.

शेवटी एक दिवस ओसरीवर मी विचारलंच. गेलेली बाई काही परत येणार नव्हती. मग सगळं घालवून बसायची काय गरज होती?

हे म्हणाले, ‘तुला एक सांगितलं नाही मी. कचेरीत ती आधी मराठीत बोलली होती.’

मी म्हटलं, तिला कुठलं मराठी, बाजारातले चार शब्द.

‘त्यातलाच एक. कारभाऱ्यांनी विचारलं, बाई, कुठं जाणार, तर तिनं म्हटलं, इथं. दोनदा म्हणाली. अगदी स्वच्छ. शिपायालासुद्धा कळलं असेल. पण कारभारी म्हणाले, बाई, तुझ्या भाषेत सांग, सावकाश सांग, आमच्याकडे तुझी भाषा जाणणारा माणूस आहे. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.’

त्या कचेरीत दुभाषी म्हणून कुणी बसलाच नसता, तर त्या एका मराठी शब्दावर तिचं काम झालं असतं. जाणता माणूस तिथं बसवला होता म्हणून ते झालं नाही. आणि तो माणूस मी घडवला होता, घरात बसून, धुळीवर, एकेक शेपटी जोडून.

ह्यांना ते म्हणायचं नव्हतं. त्यांनी मला कधीच काही म्हटलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढंही नाही. ते नुसतं आठवत होते. ‘इथं म्हणताना,’ ते म्हणाले, ‘तिनं असं केलं होतं.’ आणि त्यांनी बोट खाली करून आमच्या ओसरीच्या सारवलेल्या जमिनीकडे दाखवलं.